वार्निश लावलेली गोलकीपर

रुक्कू, परवा सलीमची पेटी आली. पत्त्यावर तुझंच नाव होतं. तुझ्या भावानं दोहाहून निघणाऱ्या कुणाकडे तरी ती महिन्यापूर्वीच सोपवली होती. तेव्हा तू होतीस, पेटीला पुढचं काय ठाऊक. शिफाचा मला फोन आला, "मावशी, अम्मीची पेटी आलीय. मी हात लावलेला नाय, तुम्ही या." तुझी लेक शहाणी आहे. दुसरी कुणी असती तर निदान हलवून तरी बघितली असती.

मी दुपारच्या गाडीनं रोह्याला उतरले, रिक्षानं पूल ओलांडून अष्टमीत आले, आणि तुझ्या दुकानात, तुझ्याच कटिंगच्या टेबलावर पेटी फोडली. आता ऐक. या वेळची कार्डांची रिलीज भिकार आहे. सोनेरी वर्ख इतका चोपडलाय की आतला खेळाडू हुडकून काढावा लागतो. आणि सहीचं म्हणून जे एक कार्ड निघायला हवं, त्याच्या जागी निघाली चिठ्ठी : खेळाडूनं अजून सह्या केलेल्या नाहीत, केल्या की पाठवून देऊ. तुझा आवाज मला चक्क ऐकू आला. "म्हंजे ब्लाउज शिवून झालं नाय, न् पिशवी तेवढी गिऱ्हाइकाच्या हातात!" मी एकटीच मोठमोठ्यानं हसले. शिफा आतून धावत आली, तिला वाटलं मावशी रडतेय.

रडून झालं होतं गो. तू गेलीस त्या आठवड्यात रडले, मग एकदा पेणच्या बाजारात अस्तराचं दुकान दिसलं तेव्हा रडले. पण तुझी आठवण काढून फार वेळ रडता येत नाही. मधेच तू काहीतरी बोलतेस आणि सगळं फिसकटतं.

तुला एक गोष्ट सांगायची मात्र राहून गेली होती. दोन वर्षं मी ती पोटात ठेवून फिरत होते. तुझ्याशी मी खोटं बोलले होते, आणि ते खोटं तसंच ठेवून तू गेलीस, या विचारानं मला अन्न गोड लागत नव्हतं. आज तेच सांगायला बसले आहे. पण तुझ्या-माझ्यात सरळ विषयाला हात घालायची पद्धत कधी नव्हती, तेव्हा आजही घालणार नाही.

आपला नाद लोकांना कधी समजावून सांगता आला नाही. पन्नाशी उलटलेल्या दोन बायका, एक लेडीज टेलर आणि दुसरी गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवणारी, खेळाडूंच्या सह्यांची कार्डं जमवतात म्हटलं तर कुणाला पटणार? अष्टमीत तर बातमीच होती, की शिवणवाली रुकय्या आणि पेणची ती मंदा दुपारी दार लोटून पत्ते कुटतात. एकदा तुझ्या मोठ्या जावेनं पडद्याआडून डोकावून विचारलं, "पैशानं खेळता का गो?" तू तोंड सरळ ठेवून म्हणालीस, "नाय भाबी, इज्जतीनं." बिचारी आठवडाभर आपल्याकडे संशयानं बघत होती.

सुरुवात झाली ती सलीममुळे. सुट्टीवर आला तेव्हा पोरांसाठी आणलेला कार्डांचा गठ्ठा तुझ्या दुकानात विसरून गेला. एका बाजूला खेळाडूचा फोटो, दुसऱ्या बाजूला त्याची माहिती. तू ती चाळलीस आणि मला फोन केलास. "मंदे, एका कार्डावर कुणीतरी पेनानं लिवलंय. छापलेलं हाय का हातचं हाय, तू ये न् सांग. तुला रेघा कळतात." मी आले, भिंग लावलं. शाई कागदावर किंचित उभी राहिली होती. पहिल्या अक्षराला पेन जोरात टेकलेला, शेवटाला हात उचलता उचलता रेघ केसाएवढी बारीक झालेली. मी म्हटलं, "हातचं आहे. आणि माणूस खुशीत होता." तू कार्ड माझ्या हातातून असं काढून घेतलंस, जशी काही मी ते खाऊनच टाकणार होते.

तेव्हापासून सलीमचा धंदाच झाला. नवीन रिलीज निघाली की एक पेटी, कधी क्रिकेटची, कधी फुटबॉलची, रोह्याला येणार. ती तुझ्याच टेबलावर फुटणार, कापडाच्या चिंध्या झाडून, हात धुऊन, चहा लांब ठेवून. आणि मग वही. शाळेत कबड्डीला तू डावा कोपरा आणि मी उजवा, म्हणून वहीतसुद्धा डावा रकाना तुझा आणि उजवा माझा. पन्नास मार्क तुझे, पन्नास माझे. तू कार्डाचं कापड बघायचीस. कापडच म्हणायचीस त्याला. चारही बाजूंची किनार सारखी सुटलीय का, कोपरे मऊ पडलेत का, कागद दोन बोटांत कसा लागतो. टेप लावायचीस गो तू त्याला, गळ्यातला! "हा बघ, डावीकडं जास्त माया सोडलीय. अशी बाही लावली तर बाई नमाजाला वाकायची नाय." मी सही बघायचे. तीस वर्षं श्वास धरून आखणी केली आहे, देवाचा डोळा उघडताना हात कुठे थांबतो आणि कुठे पळतो ते मला कळतं. हा कंटाळलेला, हा मोठ्या गठ्ठ्यातलं शेवटचं कार्ड उरकणारा, ही नवीन पोरगी, पूर्ण नाव लिहिणारी, अजून सही करायची सवय नसलेली. एका मोठ्या फलंदाजानं नावाच्या जागी नुसतं वेटोळं काढलं होतं. तू चष्म्यावरून बघत म्हणालीस, "हा सही करतोय का मशीनचं चाक फिरवतोय?" त्याला मी पन्नासपैकी सहा दिले होते, आणि तू ते खोडून पाच केलेस. माझ्या रकान्यात हात घालायचा तुला अधिकार नव्हता, हे मी आजही सांगते.

आपलं मोठं भांडण स्टिकरचं. काही कंपन्या खेळाडूपुढे कार्ड ठेवतच नाहीत. पारदर्शक स्टिकर पाठवतात, तो त्यांच्यावर सह्या करून देतो, आणि मग ते कार्डांवर चिकटवतात. तुझा संताप व्हायचा. "त्या माणसानं हे कार्ड डोळ्यानं बघितलंसुद्धा नाय! बाजारातली तयार लेस आणायची, चिकटवायची, न् म्हणायचं हातानं काम केलं." मी म्हणायचे, हात तर त्याचाच ना? आमच्याकडे मूर्ती पेणात घडते, मुकुटाचे खडे कुठून तरी बाहेरून येतात, चिकटवले जातात, म्हणून काय गणपती खोटा झाला? यावर तू टेप गुंडाळायला लागायचीस. मग म्हणायचीस, "गणपतीला मधी आणू नको. मला उत्तर देता येत नाय." चार वर्षं हे भांडण चाललं, आणि दर पेटीला नव्यानं. तू एक पाऊल मागे सरली नाहीस.

आणि मग ती गोलकीपर आली. पंचवीसच प्रती काढलेलं कार्ड, त्यातलं एक आपल्या टेबलावर. स्टिकर नाही, थेट कार्डावर सही. बाई गोलकीपर, दोन्ही हात वर, हातमोजे उघडे, नजर चेंडूवर, आणि वरच्या मोकळ्या आभाळात निळ्या शाईची लांबलचक, निवांत सही. तू चष्मा पुसून कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलंस. चढाईला पोरगी आत यायची तेव्हा तुझे डोळे अगदी या गोलकीपरसारखे व्हायचे, रुक्कू. मी तसं म्हटल्यावर तू लाजलीस, पन्नाशीतली बाई. डाव्या रकान्यात तू अठ्ठेचाळीस लिहिलेस, उजव्या रकान्यात मी एकोणपन्नास. "एक कशाला कापला?" तू विचारलंस. म्हटलं, पुरे पन्नास आजवर कुणाला दिले नाहीत. सत्त्याण्णव. वहीत त्याच्या वर काही नव्हतं.

तुझ्या दुकानाच्या पत्र्याला गळती, म्हणून पावसाळाभर सगळी कार्डं माझ्याकडे रामवाडीत असायची. गणपती उठले की मी ती तुला आणून द्यायची. त्या वर्षी हवा अशी दमट की चकचकीत कार्डं पापडासारखी वाकायला लागली. एक दिवस गोलकीपरच्या कोपऱ्यावर मला बुरशीचा बारीक ठिपका दिसला. आता बघ, दुसऱ्या कुणी कार्ड कपाटात ठेवलं असतं, तांदळाच्या डब्यात ठेवलं असतं, तुला फोन तरी केला असता. पण मी पेणची. आमच्या मूर्तींच्या मुकुटाला वार्निशचा हात देतात. मग श्रावणभर कितीही ओल धरो, मुकुट ढिम्म. मुकुटाला चालतं ते गोलकीपरला का चालू नये?

सगळ्यांत मऊ ब्रश घेतला. ठिपका पुसला, पातळ हात दिला, एका दमात, वरून खाली. आणि सही हलली. मी ब्रश उचलेपर्यंत शाई सुटली होती. घाबरून कार्ड उभं धरलं, तिथेच सगळं संपलं; आडवं ठेवलं असतं तर निदान जागच्या जागी फिसकटलं असतं. ती सुंदर निळी सही माझ्या डोळ्यांदेखत आभाळातून ओघळली आणि खाली तिच्या हातमोज्यांत जाऊन थांबली. हजारो डोळे उघडलेल्या या हातानं हे केलं. मी भिंतीला टेकून बसले आणि स्वतःला जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या.

तुला खरं सांगायला हवं होतं. कार्ड दोघींचं होतं. पण गणपतीनंतर रोह्याला आले, तू डबा उघडून मोजायला लागलीस, आणि तोंडातून निघून गेलं, "गोलकीपर ग्रेडिंगला पाठवली." आपण ते कधीचं बोलत होतो, की बाहेरच्या देशातल्या कंपनीकडे कार्ड पाठवायचं, ते भिंगाखाली तपासतात, मार्क देतात, जाड प्लास्टिकमध्ये बंद करून परत पाठवतात. तू म्हणालीस, "मला न विचारता?" मी म्हटलं, "तुला चकित करायचं होतं." तुझा चेहरा एवढा खुलला की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. कार्ड तेव्हा माझ्या ब्रशांच्या डब्यात होतं, तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली. फेकवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं.

त्यानंतर दर भेटीला, दर फोनला तुझं एकच. "आलं का गो कार्ड?" पहिल्यांदा मी म्हटलं, त्यांच्याकडे रांग मोठी आहे. मग म्हटलं, तपासणारा माणूस रजेवर गेलाय. मग एकदा काही सुचेना, म्हटलं तिकडे बर्फ पडलाय. तू म्हणालीस, "बर्फ? जूनमधी?" म्हटलं, तिकडे ऋतू उलटे असतात. "व्हय व्हय," तू म्हणालीस, "तिकडं गाड्यापण उलट्या चालत असतील." आणि सुईत दोरा ओवत राहिलीस. मला वाटायचं, किती भोळी आहे ही. काहीही खपतं हिला.

शेवटच्या भेटीला मी ठरवूनच आले होते. कार्ड पर्समध्ये होतं. पण तुझ्या खोलीत माणसं होती, एक उठलं की दुसरं बसत होतं. तू उशीला टेकून बसलेली, माझ्या पदराला लोंबणारा दोरा दिसला तर तेवढ्यातही बोटं शिवशिवली तुझी. कुणाच्या अंगावर लोंबता दोरा तुला कधी बघवला नाही. तो ओढून तोडलास आणि सगळ्यांसमोर विचारलंस, "मंदे, आलं का गो कार्ड?" मी म्हटलं, "येईल. पुढच्या महिन्यात नक्की." तू हसलीस. खोकला लागेपर्यंत हसलीस, शिफानं पाणी आणलं. मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. तू माझा हात दाबून म्हणालीस, "येऊ दे सावकाश. मी काय पळतेय व्हय?" मी तशीच परत आले. कार्ड पर्समध्येच होतं.

परवा ही भिकार पेटी फोडून झाली, उजव्या रकान्यात चिठ्ठीला शून्य लिहायला मी वही मागितली. शिफानं ती आणली आणि म्हणाली, "अम्मीनं बजावलेलं, मावशीला शेवटचं पान दाखव. पण पेटी बघून झाल्यावर. आधी दाखवलंस तर ती रडत बसंल न् मार्क चुकवंल."

वही उलटी धरून मी शेवटचं पान उघडलं. तुझं अक्षर, शाळेतलंच, उजवीकडे झुकणारं.

"नवीन रिलीज. कारखाना : रामवाडी, पेण. किती काढली : एकच. सापडलं कुठं : ब्रशाच्या डब्यात, मंदीच्या बाहीचा दोरा कापायला कातर शोधताना. मंदी चहा करत होती.

"कटिंग पहिल्यासारखंच. कोपरे चारही ठणठणीत, बुरशी नाय. वार्निशचा हात एकसारखा, कुठं पुंजका नाय, मान गये. गोलकीपरनं स्वतःची सही स्वतःच झेललीय. असं कार्ड कुठली कंपनी काढणार नाय.

"टीप : स्टिकर असता तर सोलून दुसरा लावता आला असता. एवढ्यापुरतं मंदीचं बरोबर. तिला सांगायचं नाय.

"दुसरी टीप : ती आपणहून सांगंल. तोवर मी विचारत राहीन."

डाव्या रकान्यात पन्नास. पन्नासपैकी पन्नास. उजवा रकाना कोरा.

रुक्कू, बाई, तुला काही लाज? तुला सगळं माहीत होतं आणि तू मला जूनमध्ये बर्फ पाडायला लावलास! दोरा कापून परत आलीस, समोर बसलीस, चहात बिस्किट बुडवलंस आणि विचारलंस, आलं का गो कार्ड. तो दिवस मला आठवला. बिस्किट तुटून कपात पडलं होतं आणि तू त्याच्यावर हसते आहेस असं मला वाटलं होतं. माझ्या पोटातलं दोन वर्षांचं ओझं तू कडेला बसून मजेत बघत होतीस. मी तुझ्या दुकानात हसत सुटले, आणि या वेळी शिफाला वाटलं ते खरंही होतं, हसणं-रडणं दोन्ही एकदम चाललं होतं.

तू एकदा जरी म्हणाली असतीस, मंदे, बघितलंय मी, तर मी तुझ्या पायाशी बसून सगळं ओकले असते. पण तुला ते नको होतं. शाळेतसुद्धा तू चढाईवाल्या पोरीवर झेप घ्यायची नाहीस. ती आपणहून कोपऱ्यात यायची वाट बघायचीस. वाट बघण्यात तुझा हात धरणारी दुसरी नव्हती. मीच यायला उशीर केला. त्याची माफी मागायला आता तू नाहीस, हे एवढं एकच मला खरोखर लागलं आहे.

कार्ड परवाही पर्समध्ये होतं. तुझ्या खणात गुपचूप ठेवून यावं म्हणून आणलं होतं. ते काढलं. टेबल पुन्हा झाडलं, हात धुतले, चहा लांब ठेवला. शिफा तुझ्या स्टुलावर बसून बघत होती. भिंग लावलं आणि पहिल्यांदा, दोन वर्षांत पहिल्यांदा, नीट बघितलं. वरती आभाळात पहिल्या अक्षराची जागा अजून आहे. पेन टेकल्याची खूण वार्निशखाली तशीच शाबूत आहे. बाकी सगळं नाव हातमोज्यांत. आणि तिचे डोळे तसेच, तुझे.

उजव्या रकान्यात मी एकोणपन्नास लिहिले. एक खोटं बोलल्याबद्दल कापला. बेरीज केली, नव्याण्णव. सत्त्याण्णवच्या वर गेलं. मग कार्ड वहीच्या त्याच पानात ठेवलं आणि वही तुझ्या खणात, टेपच्या शेजारी.

आलं गो, रुक्कू. कार्ड आलं.